गार पाणी नसेल तर जंगलही नाही: केल्पमधलं स्कूबा, सोप्या भाषेत

मालवणला किंवा तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या माणसाला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचा पाण्याखालचा एखादा व्हिडिओ दाखवा. तो दोन गोष्टी विचारेल. ही माणसं डोक्यावरच्या टोपीसकट एवढ्या जाड रबरात का गुंडाळली आहेत? आणि समुद्राच्या पोटात चार-पाच मजली उंच झाडं कुठून आली?

ऑगस्ट २०२५ मध्ये केल्पच्या या जंगलांचा विषय बातम्यांत पुन्हा निघाला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून तारामासे अक्षरशः विरघळून मरत होते, आणि त्यामागचा जीवाणू शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तारामाशाच्या आजाराचा पाण्याखालच्या जंगलाशी काय संबंध, हे बातमीत दोन ओळींत उरकलं जातं. तो संबंध समजून घ्यायचा तर सुरुवात थंड पाण्यापासूनच करावी लागते. बहुतेक जण थंडीकडे या डायव्हिंगमधली अडचण म्हणून बघतात. मला तसं वाटत नाही. तिथे बघण्यासारखं जे काही आहे, ते थंडीमुळेच आहे.

झाड दिसतं, पण झाड नाही

केल्प हे तपकिरी रंगाचं समुद्री शेवाळ. गंमत म्हणजे विहिरीच्या पायरीवरचं हिरवं शेवाळ आंब्याच्या झाडाला जितकं जवळचं आहे, तितकं ते केल्पला नाही. नात्याने केल्प पार वेगळ्या घराण्यातलं.

मॉन्टेरेमध्ये मुख्य जात आहे जायंट केल्प. तळाच्या खडकाला बोटभर जाडीच्या फांद्यांचा एक गुंता घट्ट धरून असतो. त्याला होल्डफास्ट म्हणतात. दिसायला मुळं, पण ती खडकातून काही शोषत नाहीत, त्यांचं काम फक्त पकडून ठेवणं. त्यातून दोरीसारखे लवचिक दांडे वर निघतात. दांड्यावर ठरावीक अंतराने एकेक पान, कडांना बारीक दाते, अंगावर सुरकुत्या. प्रत्येक पानाच्या बुडाशी बोराएवढा किंवा त्याहून मोठा, हवेने भरलेला फुगा. हेच फुगे सगळा डोलारा उभा धरतात. लाकूड नाही, खोड नाही. पाण्याबाहेर काढलं की सगळं ओल्या कपड्यासारखं गळून पडतं.

वाढ मात्र अचाट. परिस्थिती चांगली असेल तर जायंट केल्प दिवसाला ३० सेंटिमीटर, कधी ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतं. पृष्ठभागाला टेकलं तरी थांबत नाही, आडवं पसरत जातं आणि पाण्यावर छत तयार होतं. (दाताची कवळी करताना डॉक्टर तोंडात जो गुळगुळीत लगदा भरतात, त्यातला अल्जिनेट हा पदार्थ अशाच तपकिरी शेवाळांतून येतो. म्हणजे केल्पच्या नातलगाची चव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घेतलेली आहे.)

पण थंडच का?

इतक्या वेगाने वाढायचं तर खत लागतं. समुद्रात ते खत म्हणजे मुख्यतः नायट्रेट. जे काही मरतं ते खाली बुडतं, कुजतं, आणि त्यातलं पोषण खोल, अंधाऱ्या, गार पाण्यात साठतं. ऊन मात्र फक्त वरच्या थरात. साखर तळाशी बसलेल्या चहासारखी ही स्थिती आहे: कपात साखर आहे, पण कोणी ढवळल्याशिवाय वरचा घोट गोड लागणार नाही.

कॅलिफोर्नियात ढवळण्याचं काम वारा करतो. वसंतात आणि उन्हाळ्यात तिथे वायव्येकडून, किनाऱ्याला समांतर वारे वाहतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी उजवीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून आत समुद्राकडे जातं. रिकामी झालेली जागा भरायला खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत जुलैमध्ये जॅकेट घालून फिरावं लागतं आणि धुकं हटत नाही, त्यालाही हेच गार पाणी कारणीभूत आहे. बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून आलेले आई-बाबा उन्हाळ्यात तिथे कुडकुडतात, ते याच्यामुळे.

आता कळीचा आकडा. या किनाऱ्यावर पाणी साधारण १५-१६ अंशांच्या वर गेलं, की त्यात नायट्रेट जवळपास उरतच नाही. थंडी म्हणजेच खत, हे इतकं थेट आहे. मॉन्टेरेचं पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंशांत असतं, म्हणून जंगलही तिथेच असतं. केपटाऊनजवळ, चिलीत, टास्मानियात जिथे जिथे केल्प आहे, तिथे पाणी गारच आहे.

याची एक दुसरी बाजूही आहे. हेच खत पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांनाही मिळतं आणि वसंतात पाणी मटारच्या सूपसारखं हिरवं होतं. तीन मीटरपलीकडचं दिसेनासं होतं. लक्षद्वीपचं निळंशार, आरपार दिसणारं पाणी बघून आपण हरखतो, पण त्या पाण्यात खायला फारसं काही नसतं, म्हणून ते तसं दिसतं.

तेरा अंश म्हणजे काय मोठं? पुण्यात पहाटे असतातच की

असतात, पण हवेत. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. २५ अंशांच्या खोलीत आपण शर्टात आरामात बसतो, पण २५ अंशांच्या पाण्यात तासभर बसलं की दात वाजायला लागतात. मालवणच्या २७-२८ अंशांतसुद्धा शरीर हळूहळू गार होतच असतं, फक्त पंधरा-वीस मिनिटांत ते जाणवत नाही.

तेरा अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने पडलं, तर पहिला फटका श्वासाला बसतो. आपोआप मोठा श्वास ओढला जातो, धाप लागते, नाडी वाढते. एक-दोन मिनिटांत हे ओसरतं, पण त्या मिनिटांत नाकातोंडात पाणी गेलं तर संपलं. म्हणून इथले प्रशिक्षक नवख्यांना आधी उथळ पाण्यात उभं करून चेहरा बुडवायला लावतात. कपाळात कळ जाते, मग बधिर होतं, मग श्वास ताळ्यावर येतो. त्यानंतरचा हिशेब बोटांचा. बोटं गारठली की बकल उघडत नाही, आणि बकल न उघडणं ही पाण्याखाली किरकोळ गोष्ट नाही.

आणखी एक परिणाम कोणी व्हिडिओत सांगत नाही. गार पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त छाती-पोटाकडे जमा होतं, आणि मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय. लगेच लघवी लागते. रबराचा सूट चढवायला पंधरा मिनिटं लागलेली असतात, काढून परत घालणं शक्य नसतं. डायव्हर काय करतात ते तुम्ही ओळखलं असेलच. भाड्याचा सूट हुंगून बघू नये.

रबराचा सूट ऊब देतो कशी?

वेटसूट पाणी रोखतो असा समज आहे. तो रोखत नाही. पाणी आत शिरतं आणि भिजायला होतंच. ऊब टिकते ती निओप्रीन नावाच्या फोमसारख्या रबरात अडकलेल्या वायूच्या लाखो बुडबुड्यांमुळे. कोरडं राहण्याची गरज नाही, अडकलेला वायू पुरतो, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं ह्यू ब्रॅडनर या बर्कलीतल्या भौतिकशास्त्रज्ञाने. गार पाण्याचं डायव्हिंग हौशी माणसाच्या आवाक्यात आलं ते तिथून.

मालवणला चालतो तो पातळ सूट इथे उपयोगाचा नाही. इथे ७ मिलिमीटर जाडी, शिवाय हूड, हातमोजे, बूट. मग दुसरी अडचण उभी राहते. इतके बुडबुडे अंगावर घातले की माणूस बुचासारखा तरंगतो. खाली जाण्यासाठी कमरेला दहा किलो किंवा त्याहून जास्त शिसं बांधावं लागतं. आणि खाली गेल्यावर तिसरी: दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, त्यामुळे १० मीटरवर त्या बुडबुड्यांचं आकारमान निम्मं होतं. सूट पातळ होतो, ऊब कमी होते, तरंगणंही कमी होतं, शिसं मात्र तेवढंच राहतं. जिथे सर्वांत जास्त गारठा तिथेच सूट सर्वांत दुबळा. डायव्हरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून तरंगणं सावरता येतं, थंडी नाही.

म्हणून नियमित जाणारे ड्रायसूटकडे वळतात. गळ्याला आणि मनगटांना घट्ट सील, आत लोकरीसारखे गरम कपडे, आणि खाली जाताना सिलिंडरमधलीच हवा थोडी थोडी आत सोडायची. खरोखर कोरडं राहता येतं. पण ती हवा सांभाळणं हे वेगळं शिक्षण आहे. ती पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर निघतो.

सिलिंडरवरून एक खुलासा. त्यात नुसता ऑक्सिजन नसतो, आपली नेहमीचीच हवा सुमारे २०० पट दाबाने भरलेली असते. गारठलेला आणि शिसं वागवणारा माणूस ती हवा जास्त वेगाने संपवतो, त्यामुळे इथली डाइव्ह साधारणतः लवकर आटोपते.

केल्पमध्ये अडकलो तर?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. भीती अगदीच खोटी नाही, पण चित्र चुकीचं असतं. केल्प माणसाला धरत नाही, माणूसच स्वतःला गुंडाळून घेतो. सिलिंडरची मान, पायात घातलेल्या वल्ह्यासारख्या फिनचा पट्टा, हवा किती उरली ते दाखवणारा लोंबता गेज अशा कुठल्या तरी बाहेर आलेल्या वस्तूत दांडा अडकतो. माणूस घाबरून मागे बघायला गर्रकन वळतो आणि एकाचे तीन वेढे होतात. म्हणून शिकवलं जातं: थांब, वळू नकोस, मागे सरक.

तरीही सुटलं नाही तर दांडा तोडायचा. ओढून तो तुटत नाही, रबरासारखा ताणतो. वादळाच्या लाटा सोसायलाच तो तसा घडलेला आहे. पण दोन हातांत धरून पेन्सिलीसारखा काटकोनात मोडला, तर कट्कन तुटतो. एकदा किनाऱ्यावर वाहून आलेला दांडा हातात घेऊन मोडून बघावा, निम्मी भीती तिथेच जाते.

खरा धोका दुसरीकडे आहे, तो म्हणजे हवा संपत आलेली असताना दाट छताखाली असणं. खालून दांड्यांमधल्या मोकळ्या जागेतून आरामात पोहत जाता येतं, वरून मात्र पानांचा जाड गालिचा. पुरेशी हवा राखून ठेवून छताच्या खालूनच मोकळ्या पाण्यापर्यंत परतायचं, हा इथला पहिला नियम. तो मोडला की 'केल्प क्रॉल' नशिबी येतो: पालथं पडून, पानं हातांनी खाली दाबत, पाय न मारता गालिच्यावरून रांगत जायचं. जमतं, पण अंगावरचं दहा किलो शिसं तेव्हा पुरतं आठवतं.

आणि शार्क? या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण डायव्हरवर हल्ला ही फार दुर्मीळ घटना. लाटा, थंडी आणि स्वतःचा अतिआत्मविश्वास यांची काळजी आधी करावी.

एवढं सोसून दिसतं काय?

ऊन असेल तर वरून पानांमधून तिरपे कवडसे येतात आणि सगळं मधाच्या रंगाचं होतं. दांड्यांच्या मध्ये रॉकफिशचे थवे जागच्या जागी तरंगत असतात. खडकावर पांढरी-केशरी फुलासारखी ॲनिमोनी, पाठीवर स्पंजचे तुकडे चिकटवून वेष पालटणारे खेकडे. मधूनच हार्बर सील येतं आणि फिन चावून बघतं. एकट्या होल्डफास्टच्या गुंत्यात शेकडो छोटे जीव राहतात. डार्विनने १८३४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केल्प बघून नोंदवलं, की जमिनीवरचं जंगल नष्ट झालं तर मरतील त्याहून कितीतरी जास्त जाती केल्प नष्ट झाल्यावर मरतील.

ते त्याने तर्काने लिहिलं होतं. कॅलिफोर्नियाने प्रत्यक्ष बघितलं.

जंगल गेलं कुठे?

जंगलात एक चरणारा प्राणी आहे, जांभळा सी अर्चिन. लिंबाएवढा काटेरी गोळा, तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात. एरवी तो खडकाच्या फटीत बसतो आणि वाहत आलेली पानं खातो. बाहेर पडत नाही, कारण बाहेर त्याला खाणारे दोघे आहेत: सी ऑटर, म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, आणि सूर्यफूल तारामासा. हा तारामासा साधासुधा नाही. वीसहून जास्त बाहू, पसारा मीटरभर, आणि तळावरून चांगला वेगात धावतो.

उत्तर कॅलिफोर्नियात, सोनोमा-मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर, ऑटर शेदीडशे वर्षांपूर्वीच संपले होते. फरसाठी त्यांची बेसुमार शिकार झाली. मॉन्टेरेच्या दक्षिणेला, बिग सर किनाऱ्याच्या कड्यांखाली पन्नासेक वाचले, १९११ च्या करारानंतर संरक्षण मिळालं, आज कॅलिफोर्नियात तीन हजारांच्या आसपास आहेत. पण ते मॉन्टेरेच्या बाजूला, उत्तरेकडे परतलेच नाहीत. तिथे अर्चिनला धाक उरला होता फक्त तारामाशाचा. २०१३ पासून रोगाने सूर्यफूल तारामाशांतले नव्वद टक्क्यांहून जास्त मारले. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला. पाणी तापलं, म्हणजे खत गेलं. केल्प उपाशी राहिलं, वाहत येणारी पानं कमी झाली, आणि भुकेले अर्चिन फटींतून बाहेर पडून उभे दांडे खायला लागले. त्यांना अडवायला कोणी नव्हतं.

त्या भागातलं केल्प नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं. अबलोनी नावाच्या मोठ्या शंखाची हौशी मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती २०१८ मध्ये बंद करावी लागली, कारण अबलोनीही केल्पच खातं. आज तिथे अनेक ठिकाणी उतरलं, तर बोडका खडक आणि त्यावर अंथरल्यासारखे जांभळे गोळे दिसतात.

मग अर्चिन खाऊन टाका की!

सुशीच्या दुकानात अर्चिन महाग विकला जातो, हे खरं. पण खातात ती त्याची प्रजननग्रंथी, आणि उपाशी अर्चिनच्या कवचात ती नसतेच. वर्षानुवर्षं काही न खाता तो जिवंत राहतो आणि नवं कोवळं केल्प उगवलं की त्याच्यावर तुटून पडतो. ऑटर आणून सोडले तरी हीच अडचण. मॉन्टेरेत अभ्यासकांना आढळलं, की ऑटर उजाड खडकावरच्या पोकळ अर्चिनला हात लावत नाहीत, उरलेल्या केल्पमधले भरलेलेच निवडून खातात. त्यामुळे जे जंगल शिल्लक आहे ते वाचतं, गेलेलं परत येत नाही. ऑटरला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं खाणं लागतं. अंगावर चरबीचा थर नाही, एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखभर केस आणि त्यात अडकवलेली हवा, एवढ्यावर तो त्या पाण्यात जगतो. पोकळ कवचं फोडत बसणं त्याला परवडत नाही.

म्हणून हातोडा. मॉन्टेरेजवळच्या टँकर्स रीफवर २०२१ मध्ये राज्य सरकारने हौशी डायव्हरना अर्चिन फोडायची परवानगी दिली. माणसं स्वखर्चाने, स्वतःच्या सुट्टीत, बधिर बोटांनी एकेक अर्चिन फोडत होती. छोट्या पट्ट्यात हे चालतं, शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर नाही. मला जास्त आशा तारामाशाकडून वाटते. प्रयोगशाळांत सूर्यफूल तारामासे वाढवण्याचं काम चालू आहे, आणि रोग करणारा जीवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, आता ठाऊक झाल्यामुळे कोणते तारामासे रोगाला दाद देत नाहीत ते तपासता येईल. २०२५ च्या त्या बातमीचं महत्त्व हे आहे. पाणी तापतच राहिलं तर मात्र तारामासे येऊनही काही उपयोग नाही, कारण खतच नसेल.

आपल्या अरबी समुद्रात का नाही?

कोकणात सारगॅसमसारखी तपकिरी शेवाळं खडकांवर उगवतात, पण पाणी वर्षभर कोमट, त्यामुळे केल्प नाही. अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर मात्र आहे, आणि ते आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या वाऱ्यामुळेच. नैर्ऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी उजवीकडे, आत समुद्रात ढकलतो, आणि खालचं गार पाणी वर येतं. सलालाह-मिरबतच्या बाजूला ऐन जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र २० अंशांच्या खाली जातो आणि खडकांवर एक्लोनिया जातीचं केल्प वाढतं. मोसमी वारा सरला, पाणी तापलं, की ते झडतं. जंगल भरात असताना समुद्र इतका खवळलेला असतो की उतरायची सोय नाही. मालवणचं स्कूबा पावसाळ्यात बंद असतं, त्याच दिवसांत हे जंगल पलीकडे उभं असतं.

जायचंच असेल तर

मालवणला केलेली ओळखीची डाइव्ह, जिच्यात गाईड पाठीमागून धरून नेतो, ती इथे चालत नाही. किमान ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र लागतं. ते गरम पाण्यात घेतलं असेल, तर पहिली डाइव्ह स्थानिक प्रशिक्षकाबरोबरच करावी. शिसं किती लागतं, सूट कसा चढवायचा, लाटेतून आत कसं शिरायचं, सगळंच नव्याने शिकावं लागतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी सर्वांत स्वच्छ असतं. हिवाळ्यात वादळं केल्प उपटून नेतात.

सॅन होजेहून मॉन्टेरे सव्वा-दीड तासावर. नवख्यांसाठी तिथली ब्रेकवॉटरची, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाजवळची, जागा सोयीची आहे, किनाऱ्यावरूनच चालत आत जाता येतं. प्रमाणपत्र नसेल तर जाड सूट भाड्याने घेऊन केल्पच्या कडेने स्नॉर्कलिंग करता येतं, आणि तेवढ्याने पुष्कळ दिसतं. पाण्यात पायही घालायचा नसेल, तर १९८४ पासून चालू असलेल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियममध्ये साडेआठ मीटर उंच टाकीत जिवंत जायंट केल्प आहे. टाकीत शेजारच्या खाडीतलंच पाणी खेळवलेलं असतं आणि वरून खरं ऊन येतं. ब्रेकवॉटरला शनिवारी जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.